भिमाजींचा श्वास

हे मी कुणाला पटवायला सांगत नाही. माझी मावसबहीण नीलम तेव्हा स्टेजवर उभी होती, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. पटलं तर घ्या.

गेल्या डिसेंबरातली संध्याकाळ. तळेगाव ढमढेऱ्यातलं एक मंगल कार्यालय.

सगळे दिवे चालू. खुर्च्या भरलेल्या, मागं चहा चाललेला. भ्यावं असं तिथं काही म्हणजे काही नव्हतं.

कार्यक्रम नीलमच्या वडिलांच्या आठवणींचा होता. संगीतकार भिमाजी साळवे, निमोण्याचे. या माणसानं मराठी सिनेमात कडबाकुट्टीच्या पात्यांवर ताल धरला, विहिरीच्या रहाटाच्या करकरीवर अंगाई बांधली. लोक आधी हसले, मग तीच गाणी लग्नात वाजवू लागले.

त्यांची एक खोड होती. वादकांना ते 'एक, दोन, तीन' असं कधी मोजून देत नसत. माइकपुढं मोठ्यानं श्वास आत ओढायचे...

हंऽऽ...

आणि त्या श्वासावर सगळी वाद्यं एकदम उठायची.

पुढं दम्यानं ते खाटेला खिळले. दौंडला, नीलमच्या घरी. पडल्या पडल्याच त्यांनी शेवटच्या सिनेमाच्या चाली बांधल्या आणि सहायक मारुतरावांनी त्या मुंबईला नेऊन रेकॉर्ड केल्या. सिनेमा लागला. पडद्यावर संगीतकार म्हणून नाव होतं एकट्या मारुतरावांचं.

भिमाजींना हे कळलं, तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडले. पुन्हा वळलेच नाहीत.

नीलमला आता एकच हवं होतं. त्या गाण्यांवर बापाचं नाव. मारुतरावांनी कार्यक्रमाआधी तिला शब्दही दिला होता. "पोरी, चार लोकांत सांगतो. काळजी करू नगं."

आणि माइक हातात आल्यावर म्हातारा म्हणाला काय?

"भिमाजी नुसता आवाज गोळा करायचा. चाली माझ्या. शेवटच्या सिनेमात तर त्यो नव्हताच!"

नीलमच्या अंगाचा तिळपापड झाला. पण गाणं तिलाच म्हणायचं होतं. वादक सरसावले. मारुतरावांनी हात वर केला.

"एक..."

हंऽऽ...

स्पीकरमधून आला. ओला, घरघरता श्वास.

आणि भिमाजींचे जुने वादक मोजणी पुरी व्हायच्या आत एकदम सुरू झाले. हाडात मुरलेली सवय! लगेच थांबले आणि एकमेकांकडं बघत बसले.

"कोण हाय रं माइकवर?" मारुतराव ओरडले.

साउंडवाल्या सुमितनं भराभर वायरी उपटल्या. "आप्पा, समदं बंद केलंय!"

हंऽऽ...

बंद स्पीकरमधून.

या खेपेला मारुतरावांची छाती आत गेली. तोंड उघडलं, पण हवा आत जाईना. त्यांच्या वाटणीची हवा दुसरंच कुणी ओढून घेत होतं.

"पाणी आणा!" "गाडी काढा रं!" लोक धावले. नीलम मात्र जागची हलली नाही. तिला बरं वाटत होतं. हे तिनंच मला सांगितलं, काही आडपडदा न ठेवता.

हंऽऽ...

मारुतराव गुडघ्यांवर आले. ओठ निळे पडले. त्यांनी नीलमपुढं हात जोडले.

"मग सांगा की, काका," ती म्हणाली. "शब्द दिला व्हता न्हवं?"

"चाली... भिमाजीच्या... समद्या. म्या चोरल्या."

सगळ्या कार्यालयानं ऐकलं. दोघा-तिघांनी मोबाइलवर घेतलं.

आणि स्पीकर गप्प झाला.

मारुतरावांना एकदाची हवा मिळाली. त्यांनी हुंदका देऊन छाती भरली, डोळे मिटले.

तेवढ्यात पुन्हा... हंऽऽ...

हा कुठून आला, ते कुणालाच कळलं नाही. मारुतराव आडवे झाले ते झालेच. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

काही दिवसांनी मी दौंडला गेलो. नीलम भाकरी थापत होती.

मी म्हणालो, "आता आबांचा आत्मा शांत झाला असंल."

"आबा तर त्यानं कबूल केल्या केल्या थांबले," ती म्हणाली. "मला वळखू येतो त्यांचा श्वास."

"मग... शेवटचा?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"त्यो माझा व्हता."

तेव्हापासून नीलम कुणावर चिडलेली दिसली, की मी माझा श्वास आधी धरून ठेवतो.