उलटा ठेवलेला कॅटलॉग

"हसू नकोस, विल्मेर. एल्मेरला तूही ओळखतोस. माझ्या बसवर पाच वर्षं भाडं गोळा करायचा. जे सांगतोय ते त्याच्याच तोंडचं आहे."

लीसांद्रोकाकांनी पाय ओट्यावर घेतले. वीज गेली होती. विल्मेर, सेल्व्हिन आणि मी पायरीवर बसलो होतो.

"मागच्या नोव्हेंबरची चौदा तारीख, मंगळवार. संध्याकाळी एल्मेर मेडिकलमध्ये मलम आणायला गेला. बायकोचा, नोएमीचा हात सुजला होता. तो सांगायचा, पडली. गल्लीही तेच सांगायची. तिचं ओरडणं ऐकू आलं की शेजारी रेडिओ मोठा करायचे. पाद्री म्हणायचा, सोस गं बाई. काय भली माणसं आपली! सगळे भेकड."

"आणि तुम्ही काय करत होता काका?" सेल्व्हिननं विचारलं.

"बस चालवत होतो. थुंक माझ्यावरही."

काकांनी ओट्यावरचे पाय खाली सोडले.

"गावात धडाची एकच बाई होती, तोमासाबाई. घरोघर लाली-पावडरचे कॅटलॉग वाटायची. नवऱ्यांना वाटायचं, बायकांचा नट्टापट्टा. हातसुद्धा लावायचे नाहीत, शहाणे! कॅटलॉग उलटा करून खिडकीत ठेवला की तिला कळायचं. मग रात्री ती आणि तिच्या बाया येऊन त्या बाईला लांबच्या एका घरी सुखरूप पोहोचवायच्या. मेडिकलवाल्यानं त्या दिवशी हे गुपित एल्मेरजवळ फोडलं. वर म्हणाला, 'घाबरतोस काय, म्हातारीला शनिवारीच पुरलंय.'

एल्मेर खूश होऊन घरी आला. नोएमीच्या गादीखालचा कॅटलॉग ओढून काढला. 'घ्या राणीसाहेब. ठेवा खिडकीत. बोलवा तुमच्या म्हातारीला!' ती ठेवेना. त्यानं तिच्या दुखऱ्या हातानंच ठेवायला लावला. कमरेचा पट्टा काढून टेबलावर ठेवला, बिअर उघडली. 'बारापर्यंत वाट बघू. नाही आली, तर आज तू जिवंत राहत नाहीस.'

अकरा वाजून दहा मिनिटं झाली.

दार वाजलं. हळूच.

'कोण?'

'मी आलेय, बाळा.'

आवाज... ओळखीचा.

आतून कडी होती. ती आपोआप सरकली. तोमासाबाई आत आली. पुरताना घातलेला निळा झगा. केसांत माती. एल्मेरकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. जणू खुर्चीत कुणी नव्हतंच.

'चल गं,' ती नोएमीला म्हणाली. 'चप्पल घाल. बाहेर गार आहे.'

नोएमी उठली.

एल्मेरनं तोंड उघडलं... आवाज नाही. पट्ट्याकडे हात न्यायचा होता... हात उचलवेना.

दोघी गेल्या."

विल्मेर खाकरला. "तिच्या बायांपैकीच असेल कुणीतरी. म्हातारीचं सोंग घेऊन."

"त्या अकराच्या अकरा जणी तोमासाबाईच्या घरी होत्या. तिच्यासाठी नऊ रात्रींची प्रार्थना चालली होती, त्यातली चौथी रात्र. मी तिथे कॉफी वाटत होतो. एकही बाई जागची उठली नाही. आणि पहाटे साडेचारला नोएमी चाळीस किलोमीटरवरच्या त्या घराच्या दारात उभी. तो पत्ता तिला कुणी सांगितला नव्हता. हात बरा झालाय आता तिचा. शिवणकाम करते."

"आणि एल्मेर?"

"सकाळी मी गेलो तेव्हा खुर्चीतच होता. पँट ओली. मर्दाचा बच्चा! म्हणाला, 'लीसांद्रो, भिंतीकडे बघ.'

लग्नाचा फोटो होता. काच शाबूत. मागचे खिळे गंजून लाकडात रुतलेले, मीच पकडीनं उपसले. आत एल्मेर कोट घालून हसत उभा होता. एक कोपर बाहेर काढलेलं. त्या कोपरात कुणाचा हात नव्हता. शेजारी नुसती चर्चची पायरी... आणि तिच्यावर ऊन."