पट्टी मोडलीच नव्हती

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी त्या खोलीत होते, एवढंच सांगते.

जपानमधल्या तोयामातली गोष्ट. १९६८ सालचा हिवाळा. दुपारच होती, पण बाहेर बर्फ असा कोसळत होता की दिवे लावावे लागले होते.

आमच्या कारखान्यात विजेच्या मोटारींचे भाग बेकलाइटचे, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकचे, साच्यात घडवत. त्याच मालाच्या पट्ट्या माझ्याकडे यायच्या, ताकद तपासायला. पट्टी दोन टेकूंवर आडवी ठेवायची. वरून मधोमध दाब द्यायचा. वाढवत न्यायचा...

कट्! मोडली की काम झालं.

माझी मैत्रीण तात्सुए साच्यांवर होती. जेवण झाल्यावर तिनं पट्ट्या आणून दिल्या.

"मोड सगळ्या, मेले! सकाळपासून हात भाजून घेतलेत मी."

"मग चांगल्या कर की. मोडणार नाहीत."

ती हसत मागच्या कोठारात गेली, बेकलाइटची भुकटी आणायला.

मी पहिली पट्टी लावली. दाब वाढवला.

कट्!

पट्टी अखंड होती.

दाबाचा काटा चढतच होता... मी यंत्र थांबवलं. पट्टीवरून बोट फिरवलं. साधी चीरसुद्धा नाही.

दुसरी लावली.

कट्!

तीही अखंड.

मी मुकादम ओगुरा-सानांना बोलावलं.

"कान दाखवून ये कुणाला तरी," ते म्हणाले. "माल पक्का निघाला तर तक्रार कसली?"

त्यांच्यासमोरच तिसरी लावली.

कट्...

ओगुरा-सानांचा चेहरा उतरला.

"हा बेकलाइटचा आवाज नाही," ते हळूच म्हणाले. "हा... ओला आहे."

तेव्हा लक्षात आलं. तात्सुए अजून परतली नव्हती.

आम्ही धावलो.

ती पोत्यांच्या मधे बसली होती. उजवा हात मांडीवर. रडत नव्हती.

तीन बोटं... बरोबर मधोमध मोडलेली.

कोठारात यंत्र नव्हतं. साधा हातोडाही नव्हता. दुसरं कुणी तर नव्हतंच.

डॉक्टर म्हणाले, बोट दोन्हीकडून टेकवून मधे सावकाश दाबलं, तरच हाड असं मोडतं.

यंत्र भंगारात गेलं. मीही नोकरी सोडली. तात्सुए त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही सार्वजनिक न्हाणीघरात भेटलो. गरम पाण्यात शेजारी शेजारी बसलो होतो. अचानक ती म्हणाली,

"फार अदबीनं विचारायचा गं तो. 'अजून थोडं दाबू का?'"

"कोण?"

"दिसला नाही. शेवटी म्हणाला, 'दुसऱ्या कुणाचं नाव सांगा, म्हणजे थांबतो.'"

"माझं सांगितलंस?"

"छे गं! तुझं कसं सांगेन?"

"मग कुणाचं?"

ती वाफेकडे बघत राहिली.

"तुझी लेक..." ती म्हणाली. "बरी आहे ना?"

त्या दुपारी माझी लेक पाळण्यात होती.

आता ती नागोयाला असते. मी रोज फोन करते. आज अजून तिनं उचललेला नाही...