न ताणलेली कडी

निंबाच्या छातीचा पार चेंदामेंदा झाला होता. बोदवडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये साखळीला टांगलेला, गाठी दाबणाऱ्या प्रेसचा लोखंडी ठोकळा खाली कोसळला, तो नेमका त्याच्या अंगावर. इन्स्पेक्टर नूतन पाटील पोहोचली तेव्हा जमाव क्रेन चालवणाऱ्या हनीफला लाथाबुक्क्यांनी तुडवत होता. सगळ्यांच्या पुढे झुलाल. जिनिंगचा लोहार आणि निंबाचा सख्खा मेहुणा.

नूतनने काठी चालवूनच हनीफला सोडवलं. तोवर त्याचे पुढचे दात मातीत पडले होते.

झुलालने साखळीची तुटलेली कडी तिच्यापुढे धरली.

"ताणी ताणी तुटनी शे, मॅडम. हनीफनी वझं जास्ती टांगं."

"नक्की?"

"जल्म गया लोखंड कूटामा. माले नही समजाव का?"

निंबाची बायको कोकिळा प्रेतापाशी बसली होती, एक हात प्लास्टरमध्ये. पाय घसरून पडले, म्हणाली. शेजारणींनी खाली बघितलं. मॅनेजर प्रेमराजने सांगितलं, साखळी दुरुस्तीला गेली होती, आदल्याच दिवशी झुलालच्या भट्टीवरून परत आली. ठोकळ्याखाली उभं राहून तो जागेवर बसवणं हे रोजचं निंबाचंच काम.

दवाखान्यात हनीफच्या पोटात रक्तस्राव झाला होता, डॉक्टर खात्री देत नव्हते. तो सुजल्या ओठांनी एकच सांगत राहिला, वजन नेहमीचंच होतं. बाहेर झुलाल माणसं घेऊन बसला होता. हनीफला जिवंत घरी जाऊ देणार नाही, असं तो उघड बोलत होता. नूतनला आतून भीती वाटत होती, कारण तिच्याकडे शिपाई होते मूठभर.

तिने तुटलेल्या कडीसकट साखळी तातडीने जळगावच्या प्रयोगशाळेत डॉ. मिसबाहकडे पाठवली. मिसबाहचा फोन आला आणि नूतन सरळ दवाखान्याबाहेर बसलेल्या झुलालपुढे जाऊन उभी राहिली.

"नाना, लोखंडात अणूंच्या रांगा असतात. ताण पडला की रांगांमधलं अंतर बदलतं, आणि प्रयोगशाळेत त्यावर सोडलेले क्ष-किरण परततात तो कोनही बदलतो. वजन जास्त झालं असतं तर ओढ सगळ्याच कड्यांना सारखी बसली असती. शेजारच्या कड्यांत तशा ओढीची खूण सापडलीच नाही."

"मंग तुटनी कशी?"

"तुटलेली कडी तसूभरही लांबलेली नाही. पण तिच्या आत ताण ठासून भरलाय. लाल तापवून एकदम पाण्यात बुडवल्यावर राहतो तसा. पाणी दिलं की लोखंड कडक होतं, आणि काचेसारखं ठिसूळही. अख्ख्या जिनिंगमध्ये भट्टी तुमची एकट्याची. आणि कडी ताणून तुटली की कडकन मोडली, हे जन्मभर लोखंड कुटणाऱ्याला बघता क्षणी कळतं. तरी तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. कडीला पाणी दिलंत ते दिलंत, वर आम्हालाही पाणी पाजायला निघालात."

 जमावातला एकेक जण झुलालपासून दूर सरकला.

"मन्ही बहीनले रोज मारे तो," झुलाल म्हणाला. "तिन्हा हात मोडा त्यानी. कोनी काही बोलनं नही."

नूतनला त्याची कीव आली, आणि त्याच क्षणी संतापही.

"आणि हनीफने कोणाचा हात मोडला होता?"

झुलालने दोन्ही हात पुढे केले. शिपायांनी बेड्या घातल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, "हनीफ जगी का?"

"जगला तर तुमच्यावर एकच खून लागेल," नूतन म्हणाली आणि गाडीचं दार लावलं.