बिननावाची ओळ

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे. खरं सांगायचं तर अजून घडतेच आहे.

रात्र वगैरे नव्हती. मंगळवार होता आणि भर दुपारचे तीन.

मी कम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. ऑफिसात मला सगळे 'डॉक्टर' म्हणतात. रेंगाळणारं, अडकणारं प्रत्येक मशीन शेवटी माझ्याच टेबलावर येतं. घरचं मशीन मात्र मी कधी धड बघितलं नव्हतं.

ते मशीन बाबांचं. बाबा फोटोग्राफर होते. स्टुडिओ बंद केल्यावर त्यांनी घरातल्यांचे सगळे जुने फोटो स्कॅन करून त्यात भरले. प्रत्येक माणसाचं वेगळं फोल्डर, आणि त्यात प्रत्येक वर्षाचं वेगळं. दुपारी जेवून ते तीनला पुढच्या खोलीत बसायचे आणि एकेक फोटो बघायचे. मागच्या वर्षी ते गेले. आईने मशीन जागचं हलवू दिलं नाही, चालूच ठेवलं.

त्या मंगळवारी मी रजेवर होतो. आई आतल्या खोलीत पडली होती. पुढच्या खोलीतून आवाज आला...

कर्र... कर्र...

जुन्या डिस्कचा आवाज. तिच्यावरून काही वाचलं जात असलं की ती अशी करकरते.

पण मशीनसमोर कुणीच नव्हतं.

मी एक टूल उघडलं. कोणता प्रोग्राम डिस्कवरून किती वाचतोय आणि किती लिहितोय, ते त्यात दिसतं. प्रत्येक प्रोग्रामची एक ओळ. सगळ्या ओळी शून्यावर होत्या.

एक सोडून.

त्या ओळीला नाव नव्हतं.

लिहिणं शून्य. वाचणं... एक फोटो. मग चाळीस सेकंद काहीच नाही. मग पुढचा फोटो.

व्हायरस असो नाहीतर बॅकअप, प्रोग्राम मिनिटात शेकडो फोटो वाचून मोकळा होतो. प्रत्येक फोटोपाशी थांबत नाही.

थांबतो तो माणूस. बघायला.

फोल्डर आईचं होतं. लग्नानंतरची एक्केचाळीस वर्षं, एक्केचाळीस फोल्डरं. त्या दिवशी एकोणतिसावं चालू होतं. अर्ध्या तासाने ते संपलं आणि ओळ गायब झाली.

मी ताईला फोन केला. ती माझ्याहून मोठी, तिच्या घरी असते.

"रजा घेतलीस ना? मग गप झोप," ती म्हणाली. "तुझं डोकं त्या मशीनमध्येच अडकलंय."

दुसऱ्या दिवशी मी तीनच्या आधीच मशीन बंद केलं. प्लगही काढला. तासभर समोर बसून राहिलो. काहीही झालं नाही. माझं मलाच हसू आलं.

चारला मशीन सुरू केलं, तेव्हा आठवलं. सहा महिन्यांपूर्वी आई म्हणाली होती की मशीन फार आवाज करतंय. म्हणून मीच त्या टूलला रोजची नोंद ठेवायला लावलं होतं आणि साफ विसरलो होतो. आमच्या कामातली ही नेहमीची चूक. लावायचं आणि विसरायचं.

नोंदीची फाइल उघडली.

आजची तारीख. तीन वाजून दोन मिनिटं. तिसावं फोल्डर, पहिला फोटो...

त्या वेळी तर मशीन बंद होतं. प्लग माझ्या मांडीवर होता.

मी घाईघाईने मागच्या नोंदी वाचत गेलो. आईच्या आधी दुसरं फोल्डर वाचलं गेलं होतं. धाकट्या काकांचं. रोज दुपारी तीन, रोज एक वर्ष. त्यांचं शेवटचं वर्ष आदल्याच महिन्यात संपलं होतं, बारा तारखेला.

काका तेरा तारखेला गेले. चांगले धडधाकट होते. चहा पिता पिता, बसल्या जागी.

मग तीन दिवस काही नाही. आणि मग आईचं पहिलं वर्ष.

आता अकरा उरली होती.

फोल्डरच पुसून टाकावं असं मनात आलं. पण रिकामं फोल्डर म्हणजे बघून संपलं, असं झालं तर? माझा धीरच होईना. गुरुवारी मी ती ओळ बंद करून पाहिली. बटण दाबलं आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात भांडं पडलं. धावत गेलो, तर आई ओट्याला धरून उभी होती.

"काही नाही रे. डोळ्यांपुढे अंधारी आली जराशी."

परत आलो तेव्हा ओळ पुन्हा आली होती. त्यानंतर मी तिला हात लावलेला नाही.

ऑफिसात एक शिकलोय. एखादा प्रोग्राम थांबवता येत नसेल, तर त्याचं काम संपू द्यायचं नाही.

मी रोज आईचे फोटो काढायला लागलो. भाजी निवडताना, चष्मा शोधताना, माझ्यावर वैतागताना. रोज एक नवं फोल्डर.

"काय हे खूळ?" आई म्हणायची. "या वयात माझ्यासाठी स्थळ बघतोयस की काय?"

बेचाळिसावं. त्रेचाळिसावं. रोज एक वाचलं जायचं, रोज एक मी घालायचो. दीड महिना असा गेला. मला वाटलं, जमलं.

परवा तीन फोल्डरं वाचली गेली.

काल सहा.

चाळीस सेकंद थांबणं आता दहावर आलंय. जणू कुणाला घाई झाली आहे... आणि आता फक्त चार उरली आहेत.

आज सकाळपासून मी फोटोच काढतोय. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आहे. मघाशी म्हणाली, "पुरे रे आता. तुला काय वाटलं, ती करकर मला ऐकू येत नाही? दुपारी मी नुसती पडलेली असते. झोपलेली नसते."

मी कॅमेरा खाली घेतला. "आणि तुला भीती नाही वाटत?"

"त्यांची कसली भीती? एकट्याने राहायची सवयच नव्हती रे त्यांना."

मला रडू फुटलं. आईला घेऊन जाणारे बाबा मला नको आहेत. आणि ते बाबाच आहेत, हे तरी कशावरून? बाबा असते, तर त्यांनी आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला असं बसल्या जागी नेलं असतं?

हे आईला विचारायची माझी हिंमत नाही.

तीनला वीस मिनिटं कमी आहेत. "आई, इकडे बघ ना," मी म्हटलं.

तिने केस सारखे केले, पदर नीट घेतला.

पण ती मशीनकडे बघत होती.