माउंटखाली दबलेले अठरा दिवस

“बाबांचे शेवटचे अठरा दिवस धाकट्याने पुसून टाकले,” ताई म्हणाली. “ते तेवढे परत मिळवून द्या.”

कॉम्प्युटरच्या डिस्का दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळी गल्ली गमतीने डॉक्टर म्हणायची. त्यांनी खुर्ची ओढली. आजारपणात धाकटा रोज बाबांचा आवाज रेकॉर्ड करून या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर ‘बाबा’ नावाच्या फोल्डरात ठेवायचा. त्या फोल्डरावर एक वेगळी, मोठी डिस्क माउंट केलेली, म्हणजे जोडलेली; फोल्डरात ठेवलेलं सगळं तिच्यावर जायचं. बाबा सत्तावीस तारखेला गेले, आणि फोल्डरातली शेवटची फाइल होती नऊ तारखेची. बाबांना दवाखान्यात न्यायचं की घरीच ठेवायचं, यावरून भावंडांचं वाजलं होतं. तो राग होताच, त्यात हे. ताईने भावाला घराबाहेर काढलं. ‘मी काही पुसलं नाही,’ एवढंच बोलून तो गेला होता.

“नऊ तारखेला काय झालं?”

“रेकॉर्डिंग झाल्यावर वीज गेली. दुसऱ्या दिवशी मशीन डिस्क तपासा म्हणून अडलं. याने तपासणी टाळली आणि तसंच चालू केलं. त्याला कुठला धीर.”

“मग तपासणी केली कोणी?”

“मी. बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी. चुका दुरुस्त केल्या, मोठी डिस्क पुन्हा माउंट केली. उघडून बघते तर नऊच्या पुढे काहीच नाही.”

डॉक्टरांनी कॉम्प्युटरची स्वतःची मुख्य डिस्क पाहिली. ती जवळजवळ भरलेली होती, पण दिसणाऱ्या फाइलींची बेरीज निम्मीही होत नव्हती. त्यांनी मोठी डिस्क अनमाउंट केली, म्हणजे फोल्डरावरून काढली. फोल्डर आता रिकामा दिसायला हवा होता. त्यात अठरा फाइली होत्या.

एरवी रोग सापडला की डॉक्टरांची कळी खुलायची. आज त्यांना बोलणं जड गेलं.

“कोणी काही पुसलेलं नाही. तपासणी टाळली, तेव्हा मोठी डिस्क माउंट न होताच मशीन चालू झालं. फोल्डर जागेवर होता, म्हणून धाकट्याने त्यातच ठेवलं, आणि ते मुख्य डिस्कवर गेलं. नंतर त्याच फोल्डरावर मोठी डिस्क येऊन बसली. कोनाड्यासमोर कपाट सरकवलं की कोनाडा दिसत नाही, तसं.”

“म्हणजे मी झाकलं?”

“हो, ताई. चांगल्या मनाने.”

तिने शेवटची फाइल लावली. आधी बाबांचा जड श्वास. मग धाकट्याचा आवाज, ‘ताईला काही सांगायचंय?’

बाबा थांबत थांबत बोलले. ‘तिला नको. तुला सांगतो. ती दमलीय रे. कितीही चिडली तरी तू घर सोडू नकोस.’

ताईला रडू आवरेना. डॉक्टर उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने तिने भावाला फोन लावला.

“सापडल्या,” ती म्हणाली.

पलीकडून त्याने हळूच विचारलं, “शेवटची ऐकलीस?”