दोरीच्या बांधीतलं धान

रोवणीच्या बायकांना घेऊन वच्छला बापाच्या बांधीवर, बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यावर, आली, तर चिखलात एक अनोळखी माणूस उभा. हातात गाठी मारलेली लांब दोरी. चिमूरच्या शिंप्याचा हा पोरगा, लटारू, ग्रामसेवेच्या केंद्राने पाठवला होता. दोरी धरून सरळ ओळीत धान रोवलं की थोड्या बियाण्यात जास्त पिकतं, हे त्याला गावाला शिकवायचं होतं. शिकवणारा मात्र पुढे पुढे रोवत चालला होता आणि रोवलेलं स्वतःच तुडवत होता.

"ओ मास्तर, रोवणी मागं सरकत करतेत," वच्छला म्हणाली. "काऊन आपलंच धान पायाखाली घेऊन राह्यले?"

"पुस्तकात तसं लिहिलं नव्हतं..."

"पुस्तकाले कुठी पाय असतेत?"

बायका खो खो हसल्या. नाकाला चिखल लागलेला तोही हसला. आता हसणाऱ्या माणसावर चिडावं तरी कसं?

वच्छलाच्या बापाने, देवाजीने, एक बांधी दोरीला दिली, शेजारची जुन्या रीतीला. दोरीचं एक टोक लटारूकडे, दुसरं वच्छलाकडे.

"सरळ हाय का?" तो विचारी.

"दोरी सरळ हाय... तुमचं मले सांगता येत नाई," ती म्हणे, आणि उगाच खाली वाकून रोवू लागे.

दिवाळीनंतर खळ्यावर दोन राशी पडल्या. दोरीच्या बांधीची रास दुसरीपेक्षा चांगली हातभर उंच. लटारू हरखला. वच्छला मात्र नाही. दोरी जिंकली म्हणजे इथलं काम संपलं, आणि काम संपलं की लटारूची रवानगी पुढच्या कामावर, थेट दूरच्या एटापल्लीकडे. तो जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

केंद्राचे मुखरूभाऊ पाहणीला आले, तेव्हा ती राशींपुढे जाऊन उभी राहिली.

"काई खास नाई पिकलं, भाऊ. पुढच्या साली पुन्हा करून पाहा लागन."

मुखरूभाऊंनी उंच राशीकडे पाहिलं. मग लटारूकडे. "तुझं काय म्हणणं हाय?"

पाच महिने गावाला सरळ ओळीचे धडे देणाऱ्या लटारूची कानशिलं लाल झाली. वच्छला पदराचं टोक पिळत होती.

"वच्छला म्हणते ते... बरोबर हाय," तो कसाबसा म्हणाला. "एक साल नाई पुरत."

मुखरूभाऊंनी वही मिटली.

"मले तर दिसते, या कामाले जन्म लागन," ते म्हणाले. "देवाजीभाऊ कुठी हायेत? त्याइच्याशीच बोला लागन आता."