मोहाखालचा कोपरा

यंदा देशात भात किती पिकला, हे सोमवारी संसदेत सांगायचं होतं. पण देशभरातलं धान तर अजून शेतातच उभं होतं. मग ते मोजायचं कसं?

शाल्मलीला या कोड्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. तिला काळजी होती ती ‘नीरजा’ची. नीरजा म्हणजे निम्म्या पाण्यात येणारं धानाचं वाण, तिच्या आबाजींनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेलं. आबाजी, म्हणजे तिचे आजोबा, धानाचे शास्त्रज्ञ होते. सरकारने धान्यवाढीच्या मोहिमेत नीरजा तीन जिल्ह्यांत लावली होती. उत्पादन कमी भरलं, तर संसद ती मोहिमेतून वगळणार होती.

म्हणून वैनगंगेकाठच्या त्यांच्या बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात) मोजणीचा उडता यंत्रमानव उतरला, तेव्हा शाल्मली तयारच होती. गावाने त्याचं नाव तोलाराम ठेवलं होतं.

“या तोलारामजी, इकडून या,” म्हणत तिने त्याला रस्त्याकडच्या बाजूला नेलं. तिथल्या लोंब्या दाण्यांच्या भाराने वाकल्या होत्या. पाहुणा आला की आबाजीही त्याला इथेच उभं करत.

“छान आहे,” तोलाराम म्हणाला. मग त्याच्या छातीवर दोन आकडे उमटले, एक लांबीचा आणि एक रुंदीचा. तेवढं अंतर मोजत तो चालत गेला आणि थेट मोहाच्या झाडाखाली थांबला. तिथे सावलीत धान विरळ होतं. त्याने चार खुंट्या ठोकल्या आणि दोरीने चौकोन आखला.

“अहो, पाहुण्याला कुणी करपलेली खरवड वाढतं का?” शाल्मली ओरडली आणि तिने एक खुंटी उपटलीच.

“मी पाहुणा नाही, मोजणीदार आहे,” तोलाराम म्हणाला. “आबाजी, आपली हरकत असेल तर सांगा. ही बांधी मोजणीतून गळेल.”

बांधावर उभ्या आबाजींनी त्या विरळ धानाकडे पाहिलं. शाल्मलीने त्यांची बाही ओढली.

“खुंटी लाव परत,” ते हळूच म्हणाले. “हरकत नाही. काप, तोलाराम.”

जेवताना शाल्मली तोंड फुगवून बसली. आबाजींनी तिच्यासमोर रश्श्याचं पातेलं सरकवलं.

“मीठ बरोबर आहे का, कसं बघशील?”

“पळीभर चाखून.”

“न ढवळता?”

“न ढवळता नुसती तर्री येईल! नाकातून धूर निघेल.”

“बघ, म्हणजे पळीभर पुरतं, पण ढवळलेलं हवं. तो पळीभर रस्सा म्हणजे नमुना (मोठ्या गोष्टीचा तपासायला घेतलेला छोटा भाग). आता शेत काही ढवळता येत नाही. मग आपली आवडनिवड बाजूला ठेवायची आणि चिठ्ठी टाकल्यासारखी जागा काढायची. तोलारामचे ते दोन आकडे तसेच निघाले होते. याला यादृच्छिक निवड (कुणाच्याही पसंतीशिवाय झालेली निवड) म्हणतात.”

“पण आपली चिठ्ठी वाईट निघाली ना!”

“आपली निघाली. दुसऱ्या कुणाची रस्त्याकडची निघाली असेल. हजारो बांध्यांत चांगलं-वाईट आपोआप मिसळतं.”

“उपग्रहाला वरून दिसत नाही का?”

“हिरवं दिसतं. दाणा भरला की पोचट राहिला, ते कापून तोलल्यावरच कळतं.”

शाल्मलीने घास चावता चावता विचार केला. “सगळ्यांनीच रस्त्याकडचं दाखवलं तर?”

“तर संसदेला वाटेल, कोठारं भरली. उरलंय समजून तांदूळ परदेशी विकतील. आणि उन्हाळ्यात...”

“कुणाच्या तरी ताटात भात नसेल,” ती म्हणाली.

सोमवारी भिंतीवरच्या पडद्यावर संसद दिसत होती. कृषिमंत्रीबाईंनी आकडा सांगितला. तो किती कमी-जास्त असू शकतो, हेही सांगितलं.

“म्हणजे सगळं अंदाजपंचेच की!” एक सदस्य ओरडले.

“अंदाज आहे, महोदय. पण किती चुकू शकतो, ते आधीच सांगणारा.”

भात अपेक्षेपेक्षा थोडा कमी पिकला होता. यंदा तांदूळ बाहेर विकायचा नाही, असं ठरलं. नीरजा वगळली गेली नाही, पण दोन जिल्ह्यांत कमी भरल्याने तीनपैकी एकाच जिल्ह्यात राहिली.

शाल्मली धावत बांधीवर गेली. आबाजी मोहाखाली, कापलेल्या चौकोनाच्या कडेला उकिडवे बसले होते.

“ऐकलंत ना आबाजी? एकच जिल्हा उरला.”

“ऐकलं. इकडे ये.” त्या विरळ धानात एक बुटका ठोंब होता. त्याची लोंबी मात्र खाली वाकलेली होती. “सावलीत भरलाय हा, बघ. माझं लक्ष कायम रस्त्याकडे. इथे मी कधी वाकून पाहिलंच नाही.”

“हे वेगळं पेरायचं?”

“वेगळं पेरायचं. आणि पुढे मोजायची वेळ आली की जागा कोण निवडणार?”

“चिठ्ठी,” शाल्मली म्हणाली.

आबाजींनी तिच्या तळहातावर एक दाणा ठेवला. तिने तो दाताखाली हलकेच दाबून पाहिला. भरलेला होता.